हव म्हणेपर्यंत थांबा

माझ्या बाबांचा अर्जावर फार विश्वास होता. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा त्यांची शाळा पलीकडच्या जिल्ह्यात गेली. भंडाऱ्यात परत यायला त्यांनी इतके अर्ज लिहिले की शेवटी साहेबांनीच कंटाळून त्यांना घराजवळ आणून टाकलं, असं आई म्हणायची. बाबांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते विषय एका ओळीत आणि मजकूर मुद्देसूद असला की सरकारलाही नाही म्हणता येत नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचा सगळा गोंधळ या विश्वासातून झाला.

आमचं गाव एकोडी. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, आमच्या विहारात रोज संध्याकाळी वंदना झाली की ग्रंथवाचन होतं. वाचायचे बाबा. मास्तरकी संपल्यावर त्यांचा तोच वर्ग होता. धानाची रोवणी करून आलेल्या बाया हातपाय धुऊन, लुगडं बदलून बसायच्या आणि दिवसभर वाकलेली कंबर भिंतीला टेकवायच्या. आमच्याकडे ऐकणाऱ्यानं नुसतं बसायचं नसतं. वाक्य संपलं की कोणीतरी 'हव' म्हणायचं. हव म्हणजे हो, ऐकलं, चला पुढे. हे काम शेजारच्या काकूंचं. काकूंना अक्षर येत नव्हतं, पण वाक्य कुठे संपतं ते त्यांना माझ्यापेक्षा बरं कळायचं. त्यांचा हव आल्याशिवाय बाबा पुढचं वाक्य उचलत नसत.

मग बाबांचे डोळे गेले. काचबिंदू. कळलं तेव्हा उशीर झाला होता, आणि नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही. त्या वर्षावासात गावातले एक निवृत्त कंडक्टर वाचायला बसले. माणूस चांगला, पण तिकिटं फाडल्यासारखं वाचायचे. बाबा चार दिवस मागे बसून आले आणि पाचव्या दिवशी गेले नाहीत. विहार सुटला तसं त्यांचं घराबाहेर पडणंच सुटलं. मी साकोलीहून रविवारी यायची तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडलेले असायचे.

"बाबा, आयकाले तरी जात जा न," मी म्हटलं.

"मले आयकाची सवय नाई, बाई. मले वाचाची सवय हाय."

संध्याकाळच्या गाडीनं मी साकोलीला परतले. पण ते वाक्य आठवडाभर माझ्या मानगुटीवर बसून होतं.

साकोलीला मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. आदल्या वर्षापर्यंत आमच्या लॅबमधल्या यंत्रांवर कुठून तरी कॉपी करून आणलेली सिस्टीम होती, आणि मुलांच्या पेनड्राइव्हमधून दर आठवड्याला नवा व्हायरस यायचा. तो काढता काढता माझा जीव मेटाकुटीला आला होता. मी मुळात चिडकी. एका सुट्टीत रागाच्या भरात सगळं पुसलं आणि लिनक्स नावाची फुकट मिळणारी सिस्टीम टाकली. स्टाफरूममध्ये त्याचं नाव पडलं 'मॅडमचं फुकटचं'. हसेनात का. व्हायरस गेले, आणि जुनी यंत्रं पुन्हा चालायला लागली. पण खरं सांगायचं तर तोवर मलाही ते फुकटचंच वाटत होतं. ते कोणी बनवलं, कशासाठी बनवलं, हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

त्यातच स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम होता. मराठीसुद्धा वाचायचा. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, पण शब्द कळायचे. मी माझा जुना लॅपटॉप एकोडीला नेला आणि ग्रंथातली दोन पानं टाइप करून बाबांच्या खाटेशेजारी लावली.

बाबा उठून बसले. "कोन हाय हा?"

"कम्प्युटर हाय, बाबा."

"आपल्या इकडचा दिसत नाई." थोडं ऐकून म्हणाले, "पन वाचते बरा. मास्तर नाई झाला कधी, तरी बरा." त्या दिवसापासून त्या आवाजाचं नाव पावना, म्हणजे पाहुणा.

माझा बेत एवढाच होता की बाबांनी घरी पडल्या पडल्या ऐकावं. बाबांचा बेत वेगळा निघाला. "हा मले कानात सांगन, मी तोंडानं सांगीन. विहारात. काहून नाई जमनार?"

जमत नव्हतं, कारण पावना थांबत नव्हता. बाबा एक वाक्य मोठ्यानं म्हणेपर्यंत तो तीन वाक्यं पुढे गेलेला असायचा. बटण दाबून गप्प करता यायचं, पण पुन्हा सुरू केलं की परिच्छेदाच्या आरंभापासून. बाबांनी तेच वाक्य चार वेळा म्हटलं आणि इअरफोन काढून ठेवला. मला तो लॅपटॉप तलावात फेकावासा वाटला.

मी सांगितलं की हे बनवणाऱ्यांचा इंटरनेटवर एक मंच आहे, तिथे विचारता येतं. बाबांचा चेहरा उजळला. "मंग अर्ज कर."

आणि मी केला. बाबांनी सांगितला, मी इंग्रजीत उतरवला. प्रति, माननीय मुख्य अधिकारी. विषय, वाक्य संपल्यावर थांबणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की. शेवटी आपला आज्ञाधारक, आणि त्याखाली बाबांचा पूर्वीचा हुद्दा आणि शाळा. तो पाठवून आम्ही दोघं मंजुरीची वाट पाहत बसलो. अर्ज टाकला की मागे लागायचं नाही, साहेब चिडतात, हा बाबांचा नियम. कॉम्प्युटरची मास्तरीण असून मीही पंधरा दिवस तिकडे ढुंकून पाहिलं नाही, कारण शेवटी मी त्यांचीच लेक.

पाहिलं तेव्हा तिथे उत्तरांची रांग लागली होती. कोणता प्रोग्राम, कोणती आवृत्ती, नेमकं कुठे थांबायला हवं, असं लोक विचारत होते आणि आम्ही गप्प. एकानं लिहिलं होतं की इथे कोणी मुख्य अधिकारी नाही, पण तुमचं पत्र फार आवडलं, कृपया बोला. मी फोन करून बाबांना वाचून दाखवलं.

"साहेबच नाई? मंग सही कोनाची चालते?"

"कोनाचीच नाई, बाबा. ज्याले जमते तो करते."

"मंग काम कसं होते?"

 मी मंचावरच्या प्रश्नांची उत्तरं लिहिली आणि मग पाहिलं काम कसं होतं ते. भांडून होतं. एकजण म्हणे ही सोय प्रोग्राममध्येच घाला. दुसरा म्हणे वेगळं जोडसॉफ्टवेअर करा. तिसरा म्हणे कोणतं बटण द्यायचं ते आधी ठरवा, आणि त्या बटणावरून सहा दिवस. यांच्यात एक होता, त्याला मी मनात 'नकारवाला' म्हणायची. त्याचं एकच टुमणं: घातलेली प्रत्येक गोष्ट पुढे वर्षानुवर्षं सांभाळावी लागते, मागणारा एकटा असतो, मागून निघून जातो, आणि ओझं आमच्यावर राहतं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच मला त्याचा जास्त राग यायचा.

रविवारी बाबा विचारायचे, "काय म्हनतेत?"

"भांडून राहिले."

"तलावाचं पानी सोडाच्या टायमाले आपले लोक काय करतेत? भांडू दे. भांडतेत म्हनजे त्याइले काम करा लागनार हाय." हे ऐकून बरं वाटलं, पण कॅलेंडर वेगळंच सांगत होतं. श्रावण संपत आला होता. कंडक्टरांसमोर आता सात-आठ बाया उरल्या होत्या, आणि बाबा पुन्हा भिंतीकडे वळायला लागले होते. या वर्षी ते विहारात गेले नाहीत तर पुढच्या वर्षी कोणी बोलवणार नाही आणि तेही जाणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसत होतं.

एका दुपारी शाळेच्या लॅबमध्ये बसून मी लिहिलं. महोदय नाही, सविनय नाही. मोडकंतोडकं इंग्रजी आणि नुसता राग. तुम्ही बटणावरून भांडता आहात आणि माझा बाप भिंतीकडे तोंड करून पडला आहे. त्याला स्वतःसाठी ऐकायचं नाही, लोकांसाठी वाचायचं आहे. आमच्याकडे वाक्य संपलं की समोरचं माणूस हव म्हणतं, आणि ते म्हणेपर्यंत वाचणारा थांबतो. तुमचा प्रोग्राम थांबत नाही. आश्विन पौर्णिमेला आमचं वाचन संपतं. पाठवलं आणि लगेच लाज वाटली. फुकटात घेणारी मी, आणि तोंड वर करून बोलले.

दोन दिवसांनी उत्तर आलं. लिहिणारा कुठल्याशा बर्फाच्या देशातला, प्रोग्रामचा बराच भाग त्यानंच लिहिलेला. त्याला स्वतःला जन्मापासून दिसत नव्हतं. त्यानं लिहिलं होतं की मी आयुष्यभर हा आवाज ऐकतो आहे, पण ऐकलेलं दुसऱ्याला वाचून दाखवता येईल हे मला कधी सुचलं नाही. सोबत एक फाइल होती. स्पेस दाबली की एक वाक्य, मग गप्प, पुन्हा दाबली की पुढचं. आणि त्याच्या खाली नकारवाला. त्यानं रात्रीत ते तपासलं होतं, त्यात दोन चुका काढल्या होत्या आणि दुरुस्तही करून दिल्या होत्या. मी लॅबमध्ये विद्यार्थ्यांसमोर रडले. त्यांना सांगितलं, डोळ्यात चुना गेला.

भाद्रपदातल्या एका संध्याकाळी बाबा पांढरा सदरा घालून विहारात गेले. लॅपटॉप चौरंगावर, डाव्या कानात इअरफोन, बोट स्पेसवर. पहिलं वाक्य ऐकलं, आणि तो पत्र्याचा आवाज बाबांच्या तोंडून त्यांचा स्वतःचा होऊन बाहेर आला. तोच चढउतार, तेच शाळेतलं थांबणं. काकू म्हणाल्या, "हव." बाबांनी बोट दाबलं.

सगळं बिनचूक झालं असं नाही. दोन परिच्छेदांमध्ये मी ओळ सोडली होती. तिथे पोचल्यावर पावना आपल्या नियमाप्रमाणे कानात म्हणाला, 'रिकामी ओळ'. बाबांनी भरल्या विहारात खणखणीत आवाजात सांगितलं, "रिकामी ओळ." आणि काकू तितक्याच गंभीरपणे म्हणाल्या, "हव." आधी बाबांनाच हसू फुटलं, मग सगळ्या बायांना. उरलेल्या तीन-चार आठवड्यांत विहार पुन्हा भरला. मी दर रविवारी पुढच्या आठवड्याची पानं टाइप करून द्यायची, रिकाम्या ओळी काढून.

पौर्णिमेला भोजनदान झालं. बाबांनी आभाराचं पत्र सांगितलं. प्रति, म्हणाले आणि अडले. नावं कुठे होती? मंचावर सगळ्यांची टोपणनावंच. शेवटी म्हणाले, "लिव, प्रति, सर्व." आभाराच्या त्या एका पानात विषयाची ओळ नव्हती, मागणी नव्हती. बाबांनी आयुष्यात लिहिलेला तो एकमेव बिनमागणीचा अर्ज.

त्यानंतर बाबांनी आणखी चार वर्षावास वाचले. पाचव्याच्या आधी, उन्हाळ्यात, झोपेत गेले. मी आईला माझ्याकडे साकोलीला आणलं, लॅपटॉपही आणला, तो गुंडाळून कपाटात ठेवला आणि मंचावर जाणं बंद केलं. मागणारी मागून निघून गेली. नकारवाल्यानं सांगितलं होतं तस्संच.

पुढे दोन वर्षांनी मंचावरून एक ईमेल आली. प्रोग्राम नव्यानं लिहायला घेतला होता, आणि एका नव्या कार्यकर्त्यानं सुचवलं होतं की वाक्यागणिक थांबायची सोय काढून टाकावी. जुनी आहे, अडचणीची आहे, आणि कोण्या एकाच वापरणाऱ्यानं मागितली होती. मी ते तीनदा वाचलं. खरंच होतं. तो एक आता नव्हता. मी उत्तर लिहायला घेतलं: काढा, माझी हरकत नाही, इतकी वर्षं सांभाळलंत, आभारी आहे. लिहिलं, पण पाठवायला बोट उठेना. तसंच ठेवून शाळेत गेले.

संध्याकाळी उघडलं तर माझ्या आधी कितीतरी जण बोलून गेले होते. एका बाईंना दिसत नव्हतं आणि त्या शाळेत मुलांना उतारा सांगायच्या, याच बटणावर. एकजण प्रार्थनाघरात वाचायचा. एकजण आपल्या आंधळ्या झालेल्या मित्राच्या वतीनं लिहीत होता की हे काढलंत तर तो नाटकाच्या तालमीला जायचा बंद होईल. बाबांचं नाव यांच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं. आणि सगळ्यात खाली नकारवाला. त्यानं या वेळीही नाहीच म्हटलं होतं, पण काढायला. त्यानं लिहिलं होतं: एकच माणूस म्हणणाऱ्यांनी आधी प्रोग्रामचा कोड उघडून पाहावा, ही सोय कशासाठी आहे ते मी तेव्हाच तिथे लिहून ठेवलं आहे.

मी इतकी वर्षं ते कधी उघडून पाहिलं नव्हतं. कॉम्प्युटर शिकवते मी, आणि पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी शोधलं. जिथे आवाज थांबतो बरोबर त्या जागी, चालवताना यंत्र जी वाचत नाही, फक्त माणसांसाठी असते, अशी एक ओळ होती. इंग्रजीत, त्यातला एक शब्द तेवढा आमचा:

'इथे थांबा. समोरचं माणूस हव म्हणेल.'

स्वयंपाकघरातून आईनं विचारलं, कोणाशी बोलून राहिली. मला कळलंच नव्हतं की मी ते मोठ्यानं म्हटलं होतं.