मी जुळवलेले किम भाऊ

मी आयुष्यात एकदाच दोन भांडलेल्या भावांची दिलजमाई केली. ते भांडलेले नव्हते, आणि भाऊही नव्हते. एवढ्या दोन बारीकसारीक गोष्टी सोडल्या तर काम चोख झालं होतं!

तेव्हा मी नवी नवरी. एकोणीसशे चौपन्न-पंचावन्नचा सुमार. धानोऱ्याच्या वाटेवरच्या आमच्या जंगलातल्या गावात मी एकटीच सातवी पास सून. म्हणजे काय, हे आज सांगून कळायचं नाही. पोराच्या गोवरापासून गाईच्या आटलेल्या दुधापर्यंत बायका मला काहीही विचारायच्या, आणि मी (यातलं काही एक सातवीपर्यंत शिकवत नाहीत) बेधडक उत्तर द्यायची. गाय आटलेलीच राहायची. पण माझा रुबाब काही आटत नव्हता.

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, पलटणीत होते. कोरियातली लढाई थांबली तेव्हा तिथल्या कैद्यांवर पहारा द्यायला आपली फौज गेली, तिच्यात तेही गेले. त्या कैद्यांतले काही जण म्हणाले, आम्हाला उत्तरेकडे जायचं नाही आणि दक्षिणेकडेही जायचं नाही. मग ते जहाजात बसून आपल्या हिंदुस्थानात आले आणि तिसरा कुठला तरी देश बोलावेल म्हणून वाट बघत राहिले. त्यांतल्या दोघांशी भासऱ्यांची दोस्ती. सुट्टीवर येताना दोघांनाही घेऊन आले. चांद्याला रेल्वेतून उतरले, तिथून लाकडाच्या ट्रकवर बसले, आणि संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन दोघं कमरेत वाकून उभे राहिले.

सासूबाई घाबरल्या. "अवं माय! याईचं पोट दुखून राह्यलं का काय? ओवा आन लवकर!"

दोघांनी ओवा खाल्ला आणि आभार मानायला पुन्हा वाकले. सासूबाईंनी पुन्हा ओवा दिला. असं बराच वेळ चाललं.

भासऱ्यांनी ओळख करून दिली, "हे किम. आन हेबी किम." पुढची नावं आमच्या जिभेला झेपेनात, म्हणून एक झाला थोरला किम, दुसरा धाकटा किम. थोरला चाळिशीकडे झुकलेला, अबोल, सदा कपाळाला आठी. धाकटा विशीतला, तोडकंमोडकं हिंदी बोलायचा आणि दिसेल त्याला हसून दाखवायचा. म्हशीलासुद्धा.

दोघांना ओसरीत टाकून भासरे गेले सासुरवाडीला. जाण्याआधी त्यांना दोन गोष्टी विचाराव्यात असं मला फार वाटत होतं. पण भासऱ्यांशी बोलायची सोय कुठे होती? ते समोर आले की डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढायचा आणि तोंड फिरवून भिंतीकडे बघायचं, ही आमच्याकडची रीत. लग्नापासून मी भासऱ्यांपेक्षा भिंत जास्त ओळखत होते.

आता सारजाबाईचं सांगते. तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला लागून तिचं घर. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. स्वतः डोंगा घेऊन तलावात जायची, जाळं टाकायची, मासोळी विकायची आणि अख्ख्या गावाला शिव्या द्यायची. धाकटा किम समुद्राकाठचा. तलाव दिसला आणि हा सकाळीच तिच्या डोंग्यात जाऊन बसला! सारजाबाईनं आधी वल्हं उगारलं. मग त्यानं फाटलेलं जाळं मांडीवर ओढलं आणि गाठी मारायला लागला, तेव्हा वल्हं खाली ठेवलं. आठवडाभरात तो तिला 'माय' म्हणू लागला, आणि तिनं गावाला शिव्या द्यायचं बंद केलं. गाव काळजीत पडलं.

एके दिवशी ती पाटलांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"पाटीलभाऊ, मले तो पोरगा लेक म्हनून पायजे."

"कोनता पोरगा?"

"तो किम. धाकटा. त्याले विचारलं मी. राहातो म्हन्ते."

धाकटा मागेच उभा होता. "मैं इधर रहेगा," तो म्हणाला. "माय के पास." आणि वाकला. (तेव्हा कोणी ओवा आणला नाही. गाव हळूहळू शिकत होतं.)

आमचे गावपाटील चैतू मडावी फार न्यायाचा माणूस. त्यांनी पंच बसवले तलावाच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली. सारं गाव जमलं. सारजाबाई नवं लुगडं नेसून आलेली, ओटीत नारळ. तिला नव्या लुगड्यात कोणी पाहिलंच नव्हतं, बायका तिच्याकडे बघतच राहिल्या. पाटील म्हणाले, "घेनारी हाय, जानारा राजी हाय. पन देनारा कोन? कोनाचंबी लेकरू असं वाऱ्यावरून उचलून घेता येत नाई. मायबाप नाई तं भाऊबंद पायजे. त्यानं हातात हात द्यावा लागते."

सारजाबाईचा चेहरा पडला. आता कोरियातून भाऊबंद कुठून आणायचा?

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण सातवी पास!

पंचांपुढे सुनेनं बोलायचं नसतं, म्हणून मी सासूबाईंच्या कानात सांगितलं. इतक्या हळू की तलावापलीकडे म्हशी धुणारेसुद्धा ऐकून थांबले. "आत्याबाई, दोघाईचं आडनाव एक हाय. थोरला याचा भाऊ हाय!"

सगळ्यांच्या माना थोरल्या किमकडे वळल्या. तो पाळीवर बसून पाण्यात खडे टाकत होता.

धाकट्यानं जोरजोरात हात हलवले. "नहीं, नहीं! भाई नहीं. मेरा किम अलग, उसका किम अलग." मग तो समजावू लागला. त्याच्या घराण्याचं मूळ गाव किम्हे, थोरल्याच्या घराण्याचं मूळ गाव क्योंग्जू. त्यांच्याकडे आडनावाबरोबर मूळ गावही विचारतात, आणि गाव वेगळं तर नातं नाही. किम तर तिकडे पुष्कळ. पलटणीत 'किम' म्हणून हाक मारली की अर्धी पलटण मागे वळायची.

आता हे ऐकून माणसानं काय समजावं? पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "एक देश. एक आडनाव. दिसायले बी सारखे. आन म्हन्ते भाऊ नाई." ते पंचांकडे वळले. "काय समजाचं?"

"धुऱ्यावरून भांडन," एक पंच म्हणाला.

"धुऱ्याचंच," दुसरा म्हणाला.

आमच्याकडे एका आडनावाची दोन माणसं एकमेकांना ओळखत नाही म्हणाली, की त्यांच्या शेतांमधला धुरा कोणीतरी वीतभर सरकवलेला असतो. यात शंकेला जागाच नसते. वर मी पुरावाही दिला. पुन्हा सासूबाईंच्या कानात, पुन्हा साऱ्या गावाला: "अन् मी पाह्यलं ना! थोरल्यासमोर मोहाची घेतानी धाकटा तोंड फिरवून घेते! तिकडं पाहूनच पेते! किती हा दुस्वास!"

गाव हळहळलं. तोंडसुद्धा बघत नाहीत!

मग दिलजमाईचं ठरलं. पुढाकार अर्थात माझा. भांडलेल्या भावांनी धुऱ्याची माती एकमेकांच्या ओंजळीत द्यायची, ती तलावात सोडायची, आणि एका पत्रावळीवर जेवायचं, अशी गावची चाल होती. आता किमांचा धुरा समुद्रापलीकडे. म्हणून आमच्या धानाच्या बांधीचं, म्हणजे भातखाचराचं, धुऱ्यावरचं ढेकूळ मी स्वतः खणून आणलं. (हे घरच्यांना कळलं नाही. पावसाळ्यात तिथूनच बांधीचं पाणी फुटलं, तेव्हा खेकड्यांवर ढकललं.)

धाकटा मला एकदा म्हणाला, "भाभी, ये गलत है."

मी म्हणाले, "गलत-बिलत काही नाई. तुले मायजवळ राहाचं हाय का नाई?"

"रहना है."

"मंग माती घे."

त्यानं घेतली. थोरल्याला कोणी काय सांगितलं कोण जाणे. यजमानांच्या गावची चाल मोडू नये म्हणून तो उठून आला. दोघं समोरासमोर उभे राहिले. मातीची देवघेव झाली, तलावात सोडली. मग पत्रावळ मांडली, भात वाढला, वर मासोळीचा रस्सा. पाटील मोठ्यानं म्हणाले, "आजपासून पंचाईसमोर हे दोघं भाऊ. हा थोरला, हा धाकटा!" धाकट्यानं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. थोरल्यानं पहिला घास उचलला, तो आपल्या तोंडात न घालता धाकट्याच्या तोंडाशी नेला, आणि ढसाढसा रडायला लागला.

एवढा मोठा माणूस! बायकांनी डोळ्याला पदर लावले. माझी छाती अशी फुगली की चोळीच्या गाठीला धोका!

"पाह्यलं?" मी सासूबाईंना म्हणाले. "म्हनलं होतं ना मी? सख्खे हाय सख्खे!"

पाटलांनी सारजाबाईला पुढे बोलावलं. नारळ, नवं धोतर, कुंकू, सारं तयार. त्यांनी थोरल्याला हिंदीत विचारलं, "बोलो भाऊ, तुम्हारा भाई इस बाई को दिया?"

थोरल्यानं डोळे पुसले. धाकट्याकडून नीट समजून घेतलं. सारजाबाईकडे पाहिलं, खूप वेळ. मग धाकट्याचं मनगट धरलं आणि म्हणाला, "नहीं."

सारजाबाईच्या हातात नारळ तसाच.

"कल तक ये मेरा कोई नहीं था," तो एकेक हिंदी शब्द शोधत म्हणाला. "आज भाई हुआ. आप लोग ने किया. भाई को कैसे दूँ?"

तेवढ्यात बैलगाडीचे घुंगरू वाजले आणि भासरे आले सासुरवाडीहून. गर्दी बघून धावत आले, कानावर पडेल ते ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अरे, कोनं सांगितलं हे भाऊ हाय म्हनून? कोनं?"

सगळ्या गावानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि तोंड फिरवलं. भिंत नव्हती, म्हणून मोहाच्या खोडाकडे बघत राहिले.

"आन तो तोंड फिरवते म्हन्ता? मान देऊन राह्यला तो! मोठ्या मान्सासमोर त्याच्याकडं असंच पेतेत!"

खोडाकडे तोंड करून मी हे ऐकत होते. लग्नापासून भासऱ्यांसमोर तोंड फिरवणारी मी. ते काय भांडण होतं? जगात ही गोष्ट कोणाला कळायला हवी होती, तर ती मला! ते खोड मला अजून जसंच्या तसं आठवतं. त्यावरून मुंग्या चालल्या होत्या, शहाण्यासारख्या.

मग भासऱ्यांनी पंचांना हळू आवाजात सांगितलं. थोरल्याचा एक सख्खा धाकटा भाऊ होता. लढाईत पळताना गर्दीत त्याचा हात सुटला, तो पुन्हा सापडला नाही. हे तो कोणाला सांगायचा नाही.

"तं मोडून टाका ना पाटील!" भासरे म्हणाले. "भाऊच नाई म्हटल्यावर कायचं देनं-घेनं?"

चैतू पाटलांची मान खाली गेली. "पंचाईसमोर माती पान्यात सोडली ना भाऊ. पान्यातली माती आता कोन काढन?"

धाकटा मध्ये उभा. एका बाजूला माय, दुसऱ्या बाजूला मनगट. तो हे नवं नातं मोडू शकला असता. कोणी त्याला बांधून ठेवलं नव्हतं. पण तो थोरल्याच्या चेहऱ्याकडे बघत होता, आणि ते मनगट सोडवून घेणं त्याच्यानं झालं नाही.

शेवटी सारजाबाईनंच हा गुंता सोडवला. नारळ फोडला, अर्धा एकाला दिला, अर्धा दुसऱ्याला. "घेऊन जाय बाप्पा," ती थोरल्याला म्हणाली. "पन याले पान्यात ज्यास्ती वेळ राहू देऊ नोको. त्याले खोकला होते." थोरला तिच्यापुढे वाकला, तो उठेचना. तिलाच त्याला धरून उठवावं लागलं.

सुट्टी संपल्यावर दोघं भासऱ्यांबरोबर गेले. सारजाबाईनं फडक्यात सुकी मासोळी बांधून दिली, दोघांना पुरेल एवढी. पुढे ते समुद्रापलीकडच्या कुठल्याशा देशात गेले म्हणे. जहाजावर चढताना एकमेकांचा हात धरून होते, इतकं भासऱ्यांना कळलं. पुढचं नाही.

सारजाबाईनं गावाला शिव्या द्यायला पुन्हा सुरुवात केली. पण मला ती कधी एक शिवी देईना, आणि तेच मला सोसेना. एकदा तलावावर धीर करून मी म्हणाले, "सारजामाय, माह्याच्यानं चुकलं वं. मी तं तुह्या भल्यासाठीच..."

ती जाळं झटकत होती. तो गाठी मारून गेलेलं जाळं. "जाऊ दे पोरी," ती म्हणाली. "सातवीपर्यंतच शिकली हे देवानं बरं केलं. आठवी झाली असतीस तं मलेच कोनाच्या घरी देऊन टाकली असतीस!"

आणि हसली. मी मात्र घरी येईपर्यंत रडले. घरी आल्यावरही, पण तिथे चूल होती, धुरावर घालता आलं.

तेव्हापासून गावात वाटणी असो, सोयरीक असो, कोणाला दत्तक घ्यायचं असो, सगळ्यांच्या आधी माझं पान वाढतात. आग्रह कर-करून जेवू घालतात. आणि पंच बसायच्या आत कोणी ना कोणी मला हाताला धरून घरी पोचवून देतं. आता माझ्या केसांची चांदी झाली, पंचांतले अर्धे माझ्या नातवंडांच्या वयाचे आहेत, तरी ही चाल काही मोडली नाही. मीही तक्रार करत नाही. निमूट जाते. फक्त फाटकापाशी जरा रेंगाळते. कोणी काही विचारलंच, तर सातवी पास माणूस हाताशी असावा!