आणि विजेते आहेत... एक मिनिट थांबा
आमच्या चौघांत पुरस्कार सोहळ्यांचा विषय निघाला की पहिलं भांडण होतं ते कुठला किस्सा कुणी सांगायचा यावरून. इतकी वर्षं संगीत पुरस्कारांच्या स्टेजमागे काढल्यावर गोष्टी साठतातच. त्यात सोहळा म्हटला की वाद आलाच. ज्या वर्षी काहीच वाजत नाही, त्या वर्षी आम्हाला चुकल्या-चुकल्यासारखं होतं.

आम्ही चौघे म्हणजे वैशाली कांबळे, मिलिंद, अंतोन आणि मी. वैशाली शो डायरेक्टर. कानाला हेडसेट लावून ती अख्खा सोहळा चालवते, कुणी कधी स्टेजवर जायचं, लाइट कधी पाडायचा, सगळं तिच्या शब्दावर. मिलिंद निवेदक. अंतोन गोराईचा, ट्रम्पेट वाजवतो आणि बँड सांभाळतो. मी मिलिंदने बोलायचं ते लिहितो आणि कांदिवलीला घरी जाऊन बायकोला खरं काय झालं ते सांगतो.

लोक विचारतात, इतकं सगळं आतून बघून तुमचा या गाण्याबजावण्याच्या लोकांवरचा विश्वास उडाला असेल ना? खरं सांगू? आमचं उलट झालं.

*

अंधेरीतल्या एका मोठ्या हॉलमधली गोष्ट. टीव्हीवर दाखवायच्या सोहळ्यात बरेचदा गायक स्टेजवर गात नाहीत. गाणं आधीच रेकॉर्ड केलेलं असतं, त्याला ट्रॅक म्हणतात. गायकाने फक्त माइक धरून ओठ हलवायचे. त्या वर्षी तर वाहिनीचा नियमच होता की सगळ्यांनी ट्रॅकवरच करायचं.

मुलुंडची एक नवी गायिका होती, तन्वी. तिचा पहिलाच मोठा कार्यक्रम. गाणं रंगात आलं, आणि ट्रॅक अडकला. एकच शब्द परत परत वाजायला लागला. हॉलमध्ये हशा पिकला, लोकांनी मोबाइल बाहेर काढले. आम्हाला वाटलं, पोरीची वाट लागली. आता ही रडत आत येणार आणि उद्या सगळीकडे हिचीच क्लिप फिरणार.

तन्वीने हाताने खूण करून ट्रॅक बंद करायला सांगितला. मग लोकांकडे बघून शांतपणे म्हणाली, "पकडले गेले. आता खरं गाते."

आणि गायली. साथीला काही नव्हतं, मग हळूच अंतोनच्या बँडने तिचा सूर पकडला. शेवटाला लोक उभे होते.

क्लिप फिरली, पण वेगळ्याच कारणासाठी. वाहिनीवाले मात्र भडकले होते, कारण तन्वीनंतर अजून मोठमोठी नावं बाकी होती आणि आता ट्रॅकवर ओठ हलवायची कुणाची टाप नव्हती. ग्रीनरूममध्ये एकापाठोपाठ एक घसे बसायला लागले. वैशाली हेडसेटवर एवढंच म्हणाली, "कुणाचा घसा शाबूत असेल तर कळवा, त्याला आधी घेऊ."

*

जीवनगौरव पुरस्काराच्या वेळी नेहमीची पंचाईत असते. ज्येष्ठ माणूस बोलायला उभा राहतो आणि थांबत नाही. त्यांना बसा कोण सांगणार? त्यावर आयोजकांनी उपाय काढला होता. वेळ झाली की बँडने जोरात वाजवायला सुरुवात करायची. माणूस आपोआप आवरतं घेतो.

त्या वर्षी पुरस्कार होता एका जुन्या गायिकेला. आम्ही सगळे त्यांना माई म्हणायचो. माई बोलायला लागल्या त्या त्यांच्या पहिल्या रेकॉर्डिंगपासून. त्यातच त्यांचा धागा सुटला. एकच प्रसंग त्या पुन्हा सांगायला लागल्या. समोर कुजबुज सुरू झाली. आयोजकांचा माणूस अंतोनच्या कानाशी येऊन वाजवा, वाजवा करत होता.

अंतोनने आधी मान हलवली, नाही म्हणून. बाई आईच्या वयाची, तिच्यावर ट्रम्पेट काय मारायचं. माणूस हटेना. मग अंतोनने ट्रम्पेट उचललं आणि अगदी हळू, माईंच्याच सगळ्यात गाजलेल्या गाण्याच्या सुरुवातीचे सूर वाजवले.

माई बोलता बोलता थांबल्या. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं आणि बरोबर जागेवर गाणं उचललं. बोलताना सुटलेला धागा गाताना एकदाही सुटला नाही.

तरी दुसऱ्या दिवशी वाद झालाच. भाषण चालू असताना बँड वाजवून ज्येष्ठ गायिकेचा अपमान केला, म्हणून लोक आयोजकांवर तुटून पडले. एक पत्रकार माईंच्या बोरिवलीच्या घरी प्रतिक्रिया घ्यायला गेला. माई त्याला म्हणाल्या, "अपमान कसला? मी चुकत होते, त्याने मला सूर दिला."

अंतोनने त्या बातमीचं कात्रण चर्चमध्ये सगळ्यांना दाखवलं. एरवी तो स्वतःच्या लग्नाचे फोटोसुद्धा दाखवत नाही.

*

आता पुढचा प्रकार म्हणजे आमच्या धंद्यातलं उघड गुपित. नामांकन मिळालेले कलाकार सोहळ्याला यावेत म्हणून आयोजकांपैकी कुणीतरी त्यांना आधीच कानात सांगतं की पुरस्कार तुम्हालाच आहे, नक्की या. एका वर्षी एका महाभागाने हे दोघींना सांगितलं. सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेसाठी सायली आणि मृणाल, दोघी त्या समजुतीत आल्या होत्या.

सायली बोरिवलीची. तिच्याबरोबर अख्खी सोसायटी बस करून आली होती. तिच्या आईने सकाळीच पेढे वाटले होते. मृणालने पुण्याचा कार्यक्रम सोडला होता.

वैशालीला हे कळलं ते मेकअपच्या वेळी, दोघींशी बोलताना. नाव पाकिटात होतं, पण तिला ते माहीत असतं. तिने आयोजकांना जाऊन सांगितलं, तर ते म्हणाले जाऊ दे गं, एक जण रडेल, एवढंच. वैशालीने तिथेच हेडसेट काढून टेबलावर ठेवला आणि दोघींना एका खोलीत बोलावलं. कोण जिंकलंय ते सांगितलं नाही. पण दोघींनाही तेच सांगितलंय, हे सांगितलं.

सायलीचे डोळे भरले होते. तिला स्वतःचं काही वाटत नव्हतं, पण त्या बसमधल्या माणसांना काय सांगायचं हे सुचत नव्हतं. मृणाल म्हणाली, आपण दोघीही निघून जाऊ, मग यांना कळेल. सायलीने थोडा विचार केला आणि नको म्हणाली. आपण बसायचं. शेजारी शेजारी बसायचं.

त्या शेजारी शेजारी बसल्या. पाकीट उघडलं, नाव मृणालचं निघालं. सायलीने बाजूला वळून पहिली टाळी वाजवली, आणि तिच्या मागे बोरिवलीच्या त्या सोसायटीने हॉल डोक्यावर घेतला. त्यांना वाटलं असावं, आपली पोरगी टाळ्या वाजवतेय म्हणजे आपणही वाजवायच्या.

मृणाल माइकवर आली. आभार मानायचे होते, तिने मानले. "आयोजकांनी हा पुरस्कार आधीच मला आणि सायलीला, दोघींना देऊन टाकला होता. म्हणून दोघींकडून आभार."

टीव्हीवर हे कापलं. पण सोसायटीतल्या एका काकांनी मोबाइलवर सगळं घेतलं होतं. त्यानंतर कानात सांगायची पद्धत निदान त्या आयोजकांकडे तरी बंद झाली. वैशालीला पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत असं आम्हाला वाटलं होतं. बोलावलं. अशा रात्री दोन्ही गायिकांना खुर्चीवर बसवून सोहळा पार पाडणारं दुसरं कुणी त्यांना सापडेना.

*

परीक्षकांवरून तर दरवर्षी पेटतं. एकदा शास्त्रीय विभागाला परीक्षक म्हणून घाटकोपरचे एक नावाजलेले गुरुजी होते आणि नामांकनात त्यांचीच शिष्या, गार्गी. लोकांनी आधीच निकाल लावून टाकला होता. सेटिंग आहे, घरचाच मामला आहे, वगैरे.

निकाल लागला. गार्गी हरली, आणि बाहेर असं आलं की सगळ्यात कमी गुण तिला गुरुजींनीच दिले होते. मग लोक उलट बाजूने बोलायला लागले. स्वतःची लाज वाचवायला गुरूने शिष्येचा बळी दिला.

स्टेजमागे गार्गी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली तेव्हा मी तिथेच होतो. तिने विचारलं, लोकांच्या भीतीने कमी दिलेत का? गुरुजी म्हणाले, लोकांचा काय संबंध? इतरांचं मी गाणं ऐकलं. तुझ्या बाबतीत मला फक्त चुका ऐकू येतात, रोज तेच काम करतो ना.

तिने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "मग तुम्ही परीक्षक असाल तिथे मी गाणं पाठवणार नाही."

"तू पाठव," गुरुजी म्हणाले. "मी परीक्षक होणार नाही."

आजतागायत झालेले नाहीत.

*

आणि आता तो किस्सा, ज्याच्यावरून आमचं भांडण होतं. आज मी सांगतो.

मुलुंडच्या नाट्यगृहात सोहळा होता. त्या वर्षी एका गाण्याने सगळ्यांना वेड लावलं होतं. संगीतकार ऋत्विक, तरुण पोरगा. गाणं अगदी संथ, मागे एकच सारंगी. "ये गं परत, चूल माझं ऐकंना, दिवा लाविला तरी घर काही दिसंना." बायको गेलेल्या माणसाचा विलाप. लोक गाडीत ऐकून रडायचे. माझ्या एका मित्राने वडिलांच्या आग्रहावरून आईच्या वर्षश्राद्धाला ते लावलं होतं. शब्द आणि मूळ चाल यांच्यापुढे सगळीकडे लिहिलेलं असायचं, पारंपरिक.

सर्वोत्कृष्ट गाण्याचा पुरस्कार त्यालाच मिळाला. मिलिंदने नाव वाचलं, ऋत्विक स्टेजवर आला, पुरस्काराची बाहुली हातात घेतली. मिलिंदने पुन्हा जाहीर केलं, शब्द आणि मूळ चाल पारंपरिक.

प्रेक्षकांतून एक बाई उभी राहिली. चाळिशीची असेल. मोठ्याने, पण आवाज न चढवता म्हणाली, "पारंपरिक नाही. माझ्या वडिलांचं आहे."

लोक बसा, बसा म्हणून ओरडायला लागले. आयोजकांनी हेडसेटवर सिक्युरिटीला हाक मारली. त्यांना मध्येच तोडून वैशालीचा आवाज आला, "तिला कुणी हात लावायचा नाही. माइक न्या तिच्याकडे."

बाईचं नाव करुणा साळवे. वडील शाहीर होते, घाटकोपरच्या वस्तीत जयंतीला, बारशाला, लग्नाला गायचे. गाणी लिहायचे आणि वाटून टाकायचे. कुठे नाव नाही, कुठे छापलेलं नाही. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. हे सगळं सांगताना तिचा आवाज एकदाही हलला नाही.

आता सगळं नाट्यगृह ऋत्विककडे बघत होतं. तो म्हणू शकला असता की पुरावा आणा. मिलिंदने नंतर सांगितलं, तो घामाने भिजला होता. ऋत्विक म्हणाला, त्याला हे गाणं एका जुन्या कॅसेटवर मिळालं, नाव शोधलं, सापडलं नाही. मग स्टेजच्या पायऱ्या उतरून तो बाहुली घेऊन करुणापाशी गेला आणि म्हणाला, ही तुमच्याकडे राहू दे.

करुणाने घेतली नाही. बाजूच्या खुर्चीकडे बोट केलं. तिथे तिची आई बसली होती, पार्वताबाई, पांढरी साडी, डोक्यावर पदर. गाणं हिच्यावर केलेलं आहे, करुणा म्हणाली.

सगळ्यांच्या डोक्यात एकच गोंधळ. बायको गेली म्हणून केलेलं गाणं, आणि बायको तर समोर बसलेली.

ऋत्विक त्यांच्यासमोर खाली बसला. मिलिंदने खाली येऊन माइक धरला. पार्वताबाईंनी बाहुली मांडीवर घेतली, उलटी-सुलटी करून बघितली आणि ऋत्विकला म्हणाल्या, "चाल चांगली धरलीस बाळा. पण एवढं रडकं कशाला केलंस? मी काय मेले नव्हते. रुसून भांडुपला गेले होते, भावाकडं."

नाट्यगृह हशाने दणाणलं. मी स्टेजमागे खाली बसून हसत होतो आणि माझ्या शेजारी अंतोन डोळे पुसत होता. ऋत्विकसुद्धा हसायला लागला. हशा ओसरल्यावर त्याने विचारलं, मग परत कधी आलात?

"ते दाराशी येऊन गायले. दुसरं कडवं ऐकलं आणि आले."

"दुसरं कडवं?" ऋत्विक म्हणाला. "कॅसेटवर एकच आहे."

त्याने हात जोडले, ते कडवं एकदा तरी ऐकवा म्हणाला. मागून लोकही म्हणायला लागले. करुणाने आईकडे पाहिलं. तिनेही ते कधी ऐकलेलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

पार्वताबाईंनी पदर सारखा केला. "ते माझ्यापुरतं होतं," त्या म्हणाल्या, आणि माइक मिलिंदकडे सरकवला.