चादरीखालचं घोरणं

मुलगा दुपारी दिवाणावर घोरायला लागला की मला एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या धुराड्यांजवळचा तो चौक आठवतो. अफूच्या जातीच्या गोळ्यांच्या नशेविरुद्ध आम्ही तिथे पथनाट्य करत होतो. प्रेताचं काम त्याच नशेतून सुटलेला आमचा एक कार्यकर्ता करायचा. "सर, आज दुसऱ्या कुणाला झोपवा, मला बरं वाटत नाहीये," तो म्हणाला. "अरे, पडूनच तर राहायचंय," म्हणत मी त्याच्यावर पांढरी चादर ओढली. मग माईकवर लोकांना सांगू लागलो, नशेतला माणूस घशातून घरघरत घोरला तर ती झोप नव्हे, लगेच दवाखान्यात न्या. तेवढ्यात चादरीखालून अगदी तसाच आवाज आला. "अगं बया, मढं घोरतंय!" एक म्हातारी ओरडली आणि सगळा चौक हसला, मीही हसलो. थोड्या वेळाने आवाज थांबला. "बघा, आता कसा नीट मेला," मी माईकवर म्हणालो. टाळ्या पडल्या. नाटक संपल्यावर सगळे नमस्काराला उभे राहिले, चादर तेवढी हलली नाही. त्याने पुन्हा गोळ्या घेतल्या होत्या, त्यातच तो गेला, असं डॉक्टर म्हणाले. माईकवरचं माझं ते वाक्य मात्र मी आजवर घरात कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाचं घोरणं थांबलं की मी त्याला गदागदा हलवतो. "काय बाबा, झोपू द्या ना!" तो वैतागतो, तेव्हा कुठे मी बाजूला होतो.