उरलं का काही?

"उरलं का काही?" असं विचारून आमच्या शाळेतले सहावीचे मास्तर अंगठ्याचा खडू कोटाच्या आतल्या बाजूला पुसायचे. बाहेरच्या बाजूला कधी नाही. बाहेरचा कोट साहेबाचा, आतला माझा, असं म्हणायचे. पोरं ओरडायची, "उरलं, मिस्ये!" आणि लगेच त्यांचा आवाज यायचा, "मग संपलं नाही. विर्गिल दे, शून्य उतरव, चल पुढं."

हे मी पाहिलेलं कमी, ऐकलेलं जास्त. ब्रीझे वेर्दिएरच्या शाळेत त्यांची सहावी आणि माझी चौथी यांच्यामध्ये फळ्यांची पातळ भिंत होती. वरच्या पत्र्यावर पाऊस वाजला की दोन्ही वर्ग मुके. बाकीच्या वेळी माझी पोरंसुद्धा त्यांचाच भागाकार ऐकत बसायची.

विर्गिल म्हणजे दशांशाचं चिन्ह. आमच्याकडे बोलणं फ्रेंच वळणाचं, म्हणून विर्गिल. परीक्षेचा कागद इंग्रजांचा, म्हणून तिथं टिंब. पोरांचा गोंधळ व्हायचा. ते सांगायचे, बोलताना विर्गिल म्हणा, लिहिताना टिंब द्या. साहेब कागद वाचतो, तोंड वाचत नाही.

दशांशाचा भागाकार ते फळ्यावर कमी आणि जमिनीवर जास्त शिकवायचे. एकेका आकड्याची पाटी हातात देऊन पोरांना दाराकडे तोंड करून ओळीनं उभं करायचे, आणि वर्गातलं सगळ्यात लहान मूल त्यांच्यामध्ये उकिडवं बसवायचे. ते विर्गिल. फळ्यावरच्या भाजकातला विर्गिल एक घर सरकवला, की पोरं गलका करायची, "विर्गिल, सोते!" सोते म्हणजे उडी मार. खालचं पोर बेडकासारखं एक आकडा ओलांडून पुढं. एकदा त्यांची सहावी अशी उड्या मारत असताना साहेब तपासणीला आले. हे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. मास्तर शांतपणे म्हणाले, "गणित, सर."

त्यांचं एक वाक्य मला अजून झोपेतून उठवतं. "दोघांना सारखं चालवा. भाजकाला घरी पोचवलं आणि भाज्याला वाटेत सोडलं, तर उत्तर खोटं."

त्यांचं स्वतःचं घर रोझ बेलला. बायको उसाचा तुकडा सांभाळायची, आणि म्हातारे वडील हळूहळू माणसं विसरत चालले होते. हे आमच्या गावात एका खोलीत एकटे राहत. बेट आपलं केवढंसं, पण तेव्हाच्या बसनं, मध्ये गाडी बदलून, ते पार पलीकडे होतं. शनिवारी सकाळी निघाले असते तर दोन दिवस घर मिळालं असतं. पण शनिवारी संध्याकाळी देवळातला मराठीचा वर्ग होता. तो त्यांनी घ्यावा असं आम्हीच हात जोडून सांगितलं होतं. आठवडाभर ते मिस्ये, शनिवारी गुरुजी. रविवारी पहाटेची बस धरून जायचे आणि अंधार पडायच्या आत परत.

सोमवारी मी विचारायचो, "दादा, वडील कसे आहेत?"

"बरे आहेत. काल बायकोला म्हणाले, पावन्याला चा दे."

हे सांगताना ते हसायचे. मीही हसायचो. काही महिन्यांनी आम्ही दोघांनीही हसायचं सोडलं, पण मी विचारायचं सोडलं नाही आणि त्यांनी सांगायचं.

बदलीसाठी ते दरवर्षी अर्ज करायचे. मोठ्या वादळाच्या आदल्या वर्षी ती मंजूर झाली. त्या दिवशी भिंतीपलीकडून गुणगुणणं ऐकू आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

पुढचं गावाला अर्धंच ठाऊक आहे. उरलेलं मी तोंडानं कधी बोललो नाही. माझी मुलगी त्या वर्षी पाचवीत होती. पुढच्या जानेवारीत ती त्यांच्या सहावीत बसणार होती. त्यांच्या हाताखालची पोरं परीक्षा पास होऊन शहरातल्या शाळेत जात. त्यांच्याआधीच्या मास्तरांची पोरं उसाच्या मळ्यात जात. एवढाच हिशेब होता, आणि तो मला चांगला जमला.

देवळाच्या मंडळाचे अध्यक्ष, साधा सज्जन म्हातारा, बदली थांबवायला साहेबांकडे निघाले. इंग्रजी बोलायला मला सोबत घेतलं. अध्यक्ष एवढंच म्हणाले, "गुरुजी गेले तर पोरांचं कसं व्हायचं?" मी ते इंग्रजीत केलं. मग साहेबांनी मला विचारलं, त्यांना स्वतःला जायचं आहे का? अध्यक्षांना इंग्रजी येत नव्हतं. मी म्हणालो, अर्ज सगळेच करतात, सर. ते इथं रमले आहेत.

बदली रद्द झाली.

आमच्या लोकांनी मग काय केलं असेल? शनिवारी देवळात त्यांचा सत्कार ठेवला. गुरुजींनी आपणहून आमच्यासाठी बदली सोडली, असं समजून गळ्यात झेंडूचा जाड हार. बायकांनी पुरणपोळ्या केल्या होत्या. मला वाटतं, त्या देवळात दोनच माणसांना ठाऊक होतं की त्यांनी काही सोडलेलं नाही. मी समईकडे बघत उभा होतो.

त्यांना बोलायला सांगितलं. त्यांनी हार थोडा सैल केला आणि म्हणाले, "बरं. मग आज वर्ग घ्यायचा का?"

आणि घेतला. हार गळ्यात तसाच.

सोमवारी मी नेहमीसारखं विचारलं, वडील कसे आहेत. हार त्यांच्यासाठी नेला होता, असं म्हणाले. म्हाताऱ्यानं तो हातात घेऊन विचारलं, लगीन कुणाचं? आणि मग वर्गात शिरता शिरता, मागं न बघता, मला म्हणाले, "भाऊ, तुमचं इंग्रजी तिकडं छान झालं म्हणे."

एवढंच. पुन्हा कधी काही नाही. त्यापेक्षा त्यांनी मला चारचौघांत फाडलं असतं तर बरं होतं.

वर्षभर भिंतीपलीकडे माझी मुलगी शिकत होती. वर्गात सगळ्यात लहान तीच, म्हणून विर्गिल तीच. घरी येऊन सांगायची, "आज मी सारखी सोतेच करत होते, बाबा." तिची आई विचारायची, फ्रॉक एवढा मळला कशानं? तिला शिकवताना त्यांच्या आवाजात तसूभर फरक पडेल म्हणून मी कान लावून असायचो. पडला नाही. त्या वर्षी वादळानं शाळेचे पत्रे नेले, तेव्हा ओल्या बाकांवर ताडपत्री बांधून भागाकार चालू ठेवला त्यांनी. श्रावणात त्यांचे वडील गेले. तो मंगळवार होता. निरोप आला तेव्हा ते आकडे उभे करत होते.

मुलगी पास झाली. वर्षभरानं बदली पुन्हा आली, आणि या वेळी साहेबांकडे जायचं गावात कुणी नाव काढलं नाही. मीही नाही. मला त्यांची गरज उरली नव्हती.

ते रोझ बेलला गेले आणि पाच-सहा वर्षांनी तिथंच वारले. मधल्या काळात बसेस वाढल्या, रस्ते सुधारले. मी गेलो नाही.

शेवटच्या दिवसाचं मात्र सांगतो. सत्कार नको, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. परीक्षा होऊन गेलेली, पोरं कुरकुरत होती. पलीकडून आवाज आला, "परीक्षा संपली. भागाकार कुठं संपला?" फळ्यावर दोन विर्गिल सातला शून्य विर्गिल बारानं भागायचं होतं. वर्गातलं लहान पोर तापानं घरी, अर्धी पोरं आलीच नव्हती. मग ते स्वतःच दोन आणि सात यांच्यामध्ये कोटासकट उकिडवे बसले. पोरं हसून लोळायच्या बेतात. भाजकाचा विर्गिल दोन घरं जाणार, म्हणजे यांनाही दोन उड्या हव्यात. आणि सातच्या पुढं तर कुणीच नव्हतं.

"एक शून्य पायजे," ते म्हणाले. आणि मग भिंतीकडे तोंड करून, "भाऊ, या जरा."

मी गेलो. दाराशी, सातच्या शेजारी उभा राहिलो.

"विर्गिल, सोते!" पोरं ओरडली. त्यांनी सातला ओलांडलं. पुन्हा ओरडली. गुडघ्यावर हात टेकून, धापा टाकत त्यांनी मला ओलांडलं आणि उंबऱ्यात जाऊन बसले. मग उठून फळ्याशी गेले. भागाकार केला. बावीस आले, सहा उरले. विर्गिल दिला, शून्य उतरवलं, पाच आले.

"उरलं का काही?"

"नाही, मिस्ये."

"मग झालं." अंगठा कोटाच्या आत पुसला, फळा पुसला, छत्री उचलली. माझ्या बाजूनंच दाराबाहेर गेले.

थोड्या वेळानं पोरं पुन्हा हसायला लागली. आकडे केव्हाच जाग्यावर जाऊन बसले होते, आणि मी अजून तिथंच उभा होतो.