अकरापैकी दहा

कारखान्यात तिला नावाने कोणी हाक मारत नसे. बावीस वर्षांपूर्वी ती फाटकाजवळच्या खिडकीत बसून हजेरी मांडायची, तेव्हा पडलेलं नाव कायमचं चिकटलं: हजेरीताई. पुढे अंगठा लावायचं यंत्र आलं, ती वरच्या मजल्यावर गेली, दारावरच्या पाटीवर 'कामगार खातं' जाऊन 'मनुष्यबळ विभाग' आलं आणि यथावकाश ती त्या विभागाची प्रमुख झाली. पाटी बदलली, हाक बदलली नाही.

कारखाना कापड रंगवण्याचा, माणसं चारशेच्या आसपास. हजेरीताईची एक सवय होती, खोड म्हणा हवं तर. बदली असो, बढती असो की कामावरून कमी केल्याचं असो, पत्र ती कधी शिपायाच्या हाती धाडत नसे. स्वतः जिना उतरून जायची, त्या माणसाच्या हातातलं काम संपेपर्यंत बाजूला उभी राहायची आणि मग द्यायची. त्यामुळे ती खाली दिसली की कुजबुज सुरू व्हायची, "आज कुणाचा नंबर लागला?"

बिनपत्राची ती एकाच ठिकाणी जायची. बॉयलर घरात.

तिथे अकरा माणसं तीन पाळ्यांत कोळशाच्या बॉयलरला खाऊ घालायची. त्यांचे मुख्य वाफमामा. छप्पन्न वर्षांचे, बुटके, भुवया आचेने विरळ झालेल्या. नळीला कान लावून वाफेचा दाब सांगायचे आणि वर म्हणायचे, "काटा मला विचारून फिरतो." हजेरीताई नवी असताना हजेरीतल्या चुका साहेबांच्या आधी त्यांनीच तिला दाखवल्या होत्या, तेही कुणाला कळू न देता. ती प्रमुख झाली तरी ते तिला अगं-तुगंच करायचे आणि तिला ते बरं वाटायचं.

घोटाळा झाला तो सहा वर्षांपूर्वी. दोघांनी मिळून केला, आणि चांगल्यासाठी केला.

प्रत्येक खात्याच्या भिंतीवर एक कौशल्य तक्ता असतो. एका बाजूला माणसं, वरच्या ओळीत कामं, आणि प्रत्येक चौकटीत एक वर्तुळ. काम शिकतोय तर पाव वर्तुळ काळं, देखरेखीखाली करतो तर अर्धं, एकट्याने करतो तर पाऊण, दुसऱ्याला शिकवू शकतो तर पूर्ण. वर्षाअखेर प्रत्येक तक्त्याखाली हजेरीताईची सही. थोरले साहेब तेव्हा कारखाना बघायचे. त्यांनी या तक्त्याचा भलताच उपयोग काढला. दुसऱ्या कामापुढे अर्धं वर्तुळ दिसलं, की तो माणूस उचलायचा आणि जिथे कमतरता असेल तिथे टाकायचा. बॉयलरवरचे दोन जाणते असे गेले आणि त्यांच्या जागी आलेल्या नवख्याने एका दुपारी पाण्याची पातळी दाखवणारी काच बघितलीच नाही. पाणी तळाला गेलेलं. मामांनी वेळेवर विस्तव ओढून काढला म्हणून छप्पर जागेवर राहिलं.

दुसऱ्या दिवशी मामा जिना चढून वर आले. टोपी काढून बसले.

"आमच्या लोकांची बाकीची वर्तुळं कोरी ठेव," ते म्हणाले. "फक्त बॉयलरचं भर."

"मामा, तुमची माणसं पंप उघडतात, पाणी तपासतात. ते न दाखवणं म्हणजे खोटं झालं."

"कोरं म्हणजे खोटं कसं? तू काही लिहीतच नाहीयेस. लिहिलंस तर उद्या आणखी दोन उचलतील, आणि मग एक दिवस तुला खाली पत्र घेऊन यायचीसुद्धा गरज उरणार नाही. आम्हीच वर येऊ, तुकड्या-तुकड्यांनी."

ती हसली नाही. त्या वर्षी तिने ती वर्तुळं कोरी ठेवली, पुढच्या वर्षीही. तिसऱ्या वर्षापासून तर त्याचा विचारही येईना. बॉयलर घरातली टोळी एकसंध राहिली आणि सहा वर्षांत तिथे कुणाला साधं खरचटलंही नाही.

मग थोरले साहेब थकले आणि धाकटे साहेब आले. माणूस मनाने सरळ. मोठ्या ग्राहकाने कळवलं होतं, की धूर बंद करा, रंगाचं पाणी स्वच्छ करून पुन्हा वापरा, त्याचं प्रमाणपत्र दाखवा, नाहीतर आमचं काम दुसरीकडे जाईल. कोळशाचा बॉयलर काढून विजेचा बसवायचं ठरलं. त्याला दोन माणसं पुरणार होती, आणि ती यंत्र विकणाऱ्यांचीच. शेजारी पाणी शुद्ध करायचं मोठं केंद्र उभं राहत होतं.

पहिल्याच बैठकीत हजेरीताई बोलली. "साहेब, धूर बंद केला आणि अकरा घरांच्या चुलीही बंद केल्या, तर त्याला टिकाऊ कारखाना म्हणायचं कसं? पाण्याच्या केंद्राला माणसं लागणारच आहेत. ही अकरा घ्या. तीन महिन्यांत मी तयार करते."

धाकट्या साहेबांनी मान हलवली. "ताई, ग्राहकाला द्यायच्या अहवालातलं माणसांचं प्रकरण तुम्हीच लिहा. आणि ही अकरा माणसं त्यात पहिल्या पानावर असू देत."

ती बॉयलर घरात गेली आणि सगळ्यांसमोर शब्द देऊन आली. शिडी नावाचा एक उंच, काटकुळा माणूस तिथे होता, अकरांत वयाने सगळ्यात लहान. तो म्हणाला, "म्हणजे आता आगीतून पाण्यात." सगळे हसले. मामा म्हणाले, "आगीतून फुफाट्यात नाही ना, मग झालं तर."

प्रमाणपत्राच्या तयारीसाठी एक सल्लागार बाई आल्या होत्या. नेटक्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं, की निवड मर्जीने झालेली चालणार नाही, नोंदीवरून व्हायला हवी. ज्याच्यापुढे पंप किंवा पाणी तपासणीचं किमान अर्धं वर्तुळ असेल, तोच केंद्रावर जाईल. नियम वाजवी होता. हजेरीताईने स्वतः लिहिला असता तर असाच लिहिला असता.

बाईंनी बॉयलर घराचा तक्ता पुढे ओढला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"सहा वर्षांत या माणसांना तुम्ही काहीच शिकवलं नाही?"

हजेरीताईने तक्ता आपल्याकडे ओढून घेतला. काय सांगणार? रोज सकाळी त्या अकरांपैकी कुणीतरी बॉयलरच्या पाण्याचा नमुना घेतो, त्यात औषधाचे थेंब टाकतो, पाणी निळं झालं तर मऊ आणि लालसर जांभळं झालं तर जड, हे डोळे मिटून ओळखतो. पंपाचा आवाज बदलला तर जेवण सोडून धावतो. हे सगळं होतं, फक्त कागदावर नव्हतं, आणि कागदाखाली सही तिची होती. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

संध्याकाळी ती धाकट्या साहेबांच्या खोलीत गेली आणि काही न लपवता सांगून टाकलं.

ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. "ताई, तुम्ही हे मला सांगितलंच नाहीत असं मी समजतो. तुमची सही चारशे माणसांच्या कागदांवर आहे. तुम्हीच म्हणालात एक खोटी, तर तपासणारे बाकीच्या खऱ्या कशावरून मानतील? प्रमाणपत्र गेलं तर काम गेलं. मग अकराच काय, सगळेच घरी."

"आणि या अकरांचं काय?"

"उद्यापर्यंत काही वाट निघते का बघा. नाहीतर मला त्यांना ठेवून घेता येणार नाही."

घरी आई अंथरुणाला खिळलेली. तीन वर्षं झाली होती. लेकीचं तोंड बघून म्हणाली, "चारशे माणसांचं बघतेस आणि घरी येताना चारशे आठ्या घेऊन येतेस. काय झालं?"

"काही नाही. एक चूक निस्तरायची आहे."

"तुझी की दुसऱ्याची?"

"माझी."

"मग जेव आधी. आपल्या चुकीला भूक जास्त लागते," आई म्हणाली. हजेरीताईने भाताचे दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. आईची औषधं, दिवसा येणारी बाई, हे घर, सारं त्या वरच्या मजल्यावरच्या खुर्चीवर उभं होतं. आपण तो हिशोब मनात करतोय याची तिला शरम वाटली, पण तो थांबला नाही.

सकाळी ती बॉयलर घरात गेली. मामा काचेवरची काजळी पुसत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तू खरं बोललीस तर चारशे बुडणार आणि गप्प राहिलीस तर आम्ही अकरा," ते म्हणाले. "वा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच."

"मामा, मी काय करू?"

"तू काही करू नकोस. तू वर जा. तू इथे उभी राहिलीस की लोक घाबरतात."

दुपारी ते घडी घातलेला कागद घेऊन वर आले. खोलीत धाकटे साहेब होते, सल्लागार बाई होत्या, हजेरीताई होती. मामांनी कागद बाईंच्या पुढ्यात ठेवला. अक्षर शिडीचं होतं, सही मामांची. आमच्या माणसांना पंपाचं आणि पाण्याचं काम येतं. ते तक्त्यात दाखवाल तर वाफ बंद करीन, अशी धमकी मी कामगार खात्याला दिली होती. खात्याचा यात दोष नाही. माझ्या माणसांचाही नाही.

बाईंनी दोनदा वाचलं. "असं असेल तर एकाच खात्याचा तक्ता रद्द करता येईल," त्या म्हणाल्या. "या लोकांची प्रत्यक्ष चाचणी घेऊ. पण धमकी देणाऱ्या माणसाला ठेवता येणार नाही, हे तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय म्हणून तर लिहिलं," मामा म्हणाले.

धाकटे साहेब हजेरीताईकडे वळले. "ताई, हे असंच झालं होतं?"

खरं खोटं त्यांनाही ठाऊक होतं. हजेरीताईने मामांकडे बघितलं. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते, जणू पाळी संपायची वाट बघतायत. तिच्या जिभेवर 'नाही' हा शब्द आला होता, अगदी दातांपर्यंत आला होता. तिने मान खाली घातली. साहेबांनी तो होकार धरला.

चाचणी चार दिवस चालली. पाण्याच्या केंद्राचा अभियंता कडक माणूस, पण दुसऱ्याच दिवशी तो म्हणाला, "ही माणसं इतके दिवस लपवून का ठेवली होती?" दहाच्या दहा पास झाले.

मामांचा शेवटचा दिवस शुक्रवारी आला. जाणाऱ्या माणसाशी बसून एक प्रश्नावली भरायची असते, ते काम ती सहायकावर सोपवू शकली असती. पण सवयीप्रमाणे ती स्वतः खाली गेली. विस्तव विझवून दोन दिवस झाले होते. बॉयलर घर इतकं थंड तिने कधी पाहिलं नव्हतं. दोघे बाकावर बसले.

"काम करताना वरिष्ठांनी तुमचं ऐकून घेतलं का?" तिने वाचलं.

"गरजेपेक्षा जास्त. लिही."

तिने लिहिलं. "कामाची जागा सुरक्षित होती का?"

"आम्ही ठेवली होती."

"ओळखीच्या माणसाला इथे काम करायला सुचवाल का?"

"दहा जण सुचवले की," मामा म्हणाले आणि टोपी डोक्यावर ठेवली. "रडू नकोस. कागद भिजला तर पुन्हा भरावा लागेल."

"मी खरं बोलायला हवं होतं."

मामा म्हणाले असते 'जाऊ दे, पोरी', तर तिला हलकं वाटलं असतं. त्यांनी गुडघ्यांवर हात टेकून उठायचा प्रयत्न केला, तिने हात पुढे केला, त्यांनी तो धरला नाही.

"हो," ते म्हणाले. "मी मनात म्हणत होतो, बोलेल. मीच लिहून दिलं, मीच तुला गप्प राहायला सांगितलं असतं, आणि तरी वाट बघत होतो."

फाटकापर्यंत ती त्यांच्या मागून चालत गेली. त्यांनी यंत्राला अंगठा लावला आणि मागे न बघता रस्ता ओलांडला.

अहवाल छापून आला. माणसांच्या प्रकरणात पहिल्याच पानावर होतं, की बंद झालेल्या बॉयलर घरातल्या अकरापैकी दहा जणांना नवं काम शिकवून सामावून घेतलं. मोठ्या ग्राहकाचं पत्र आलं, की असा आकडा फार थोड्या कारखान्यांत दिसतो. धाकट्या साहेबांनी ते पत्र स्वतः तिच्या टेबलावर आणून दिलं आणि लगेच निघून गेले.

दोन महिन्यांनी ती पाण्याच्या केंद्रावर गेली. निळ्या गणवेशातली तिची दहा माणसं कामात होती. पूर्वी ती आली की कुणीतरी बाक पुसायचं, कुणी चहा पुढे करायचं. आता सगळे "नमस्कार ताई" म्हणाले आणि आपापल्या पंपांकडे वळले. वागण्यात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. तिला वाटलं, याहून दोन शिव्या बऱ्या.

शिडी टाकीच्या कठड्याशी नमुना घेत होता. ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली, त्याच्या हातातलं काम संपेपर्यंत.

"पत्र आहे का, ताई?"

"नाही. सहज आले."

त्याने बाटलीला बूच लावलं, वेळ लिहिली. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "मामांचा तो कागद मी लिहिला. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. धमकीचं लिहिताना मी थांबलो, तर म्हणाले, लिही, ताई होऊ द्यायची नाही असं. तुम्ही त्यांना थांबवलं का नाही?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. चारशे माणसं होती, प्रमाणपत्र होतं, हे दहा गणवेश होते. त्यातलं काहीच खोटं नव्हतं.

"थांबवलं असतं तर मी गेले असते," हजेरीताई म्हणाली. "मला भीती वाटली."

शिडीने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. माफ केलं असं त्या नजरेत काही नव्हतं. त्याने नमुन्याची बाटली दिव्यासमोर धरली, पाणी हलवलं, आणि जरा वेळाने कठड्यावरची दुसरी बाटली तिच्याकडे सरकवली.

"धरा जरा ही," तो म्हणाला. "तिरकी नको."

ती बाटली सरळ धरून उभी राहिली.