चौदाव्या मजल्यावरची जळू

या पानावरचे अनुभव मी नेमाने वाचते आणि खरं सांगायचं तर वाचून हसते. 'मागे वळून पाहिलं तर तिथे कुणीच नव्हतं' हे वाक्य आलं की चहाचा कप खाली ठेवून नवऱ्याला मोठ्यांदा वाचून दाखवते. परळच्या एका लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. माणसाच्या आत जे जे असतं ते रोज काचेखाली घालून बघते, पण भूत अजून एकाही सॅम्पलमध्ये सापडलेलं नाही. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसलेय म्हटल्यावर मंगेश – माझा नवरा – बाजूला बसून दात काढतोय. काढू दे. जे घडलं ते त्याच्याच पायाच्या बाबतीत घडलंय.

आम्ही लालबागला राहतो. आमच्या जुन्या चाळीच्या जागी टॉवर झाला, त्यात चौदाव्या मजल्यावर. मी, मंगेश आणि सासूबाई. मंगेश पूर्वी पक्का ट्रेकर. शनिवार आला की सॅक पाठीला लावून गायब. दोन वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडला, खुबा निखळला आणि मांडीतली नस दबली. खुबा बसवला, पण डावा पाय गुडघ्याखाली गेला तो गेलाच. पाऊल उचलत नाही आणि त्यात संवेदना नाही. टाचणी टोचा, बर्फ ठेवा, पत्ता लागत नाही. प्लॅस्टिकचा स्प्लिंट घालून घरात, ऑफिसात चालतो, पण डोंगर संपला. पहिलं वर्ष त्याने बरं काढलं. मग हळूहळू माणूस गप्प झाला. सॅक माळ्यावर गेली, ट्रेकचा ग्रुप म्यूट झाला. रविवारी सोफ्यावर बसून क्रिकेट बघायचा आणि कोण खेळतंय विचारलं तर सांगता यायचं नाही. मला ते बघवत नव्हतं.

मग मला एटीव्ही सापडली. चार जाड चाकांची, उघडी, जंगलात चालणारी गाडी. बाइकसारखी चालवायची, पण तोल सांभाळायला पाय लागत नाही, गिअर नाही, रेस अंगठ्याने, ब्रेक हाताने. मी म्हटलं, हीच! चालता येत नाही तर बसून जंगलात जाऊ. आणि जायचं तर लोणावळ्याला गोल गोल फेऱ्या मारायला नाही, खऱ्या जंगलवाटेला. शोधता शोधता कर्नाटकात सकलेशपूरच्या पुढे एक कॉफीचा मळा मिळाला. मालकाचा भाऊ उमेश तिथे एटीव्हीच्या राइड चालवायचा.

परमुलखात जायचं म्हणजे किती गोष्टी विचाराव्या लागतात हे तेव्हा कळलं. वाट मळ्याच्या खाजगी जमिनीतून आहे की वनखात्याच्या? हॉस्पिटल किती लांब? रेंज कुठवर? पावसात वाट बंद होते की चालू राहते? कानडीचा आम्हाला गंध नाही, पण उमेश तरुणपणी माटुंग्याच्या एका हॉटेलात कामाला होता, त्यामुळे हिंदी फर्डं आणि मराठी कळायचं. मी सगळं पक्कं करत आणलं. प्लॅनिंगमध्ये माझा हात धरणारा आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये कुणी नाही, हे मी नाही म्हणत, सेक्रेटरी म्हणतात.

ऑगस्टमध्ये व्हिडिओ कॉल लावला. उमेशने मंगेशला उभं राहायला, बसायला लावलं, मग सरळ विचारलं, "साहब, चलते-चलते बायाँ पैर फूटरेस्ट से फिसल गया, तो आपको पता चलेगा?"

मंगेश म्हणाला, "नही."

"पैर बांध नहीं सकता. गाडी पलटी तो पैर उसमें ही फँसेगा. और फिसला हुआ पैर पीछे के टायर में जाता है. आप मेरे पीछे बैठो ना. मैं चलाऊँगा."

मंगेशने लॅपटॉप बंद केला. धाडकन नाही, अगदी हळू. म्हणाला, "मी पार्सल आहे का? पाठीमागे बांधून न्यायला? कॅन्सल कर, वैशू."

मी भांडले, समजावलं, रडलेसुद्धा. पण उमेश चूक नव्हता आणि मंगेशही चूक नव्हता. दोघंही बरोबर असले की भांडायला कुणी उरत नाही. शेवटी मी म्हटलं ठीक आहे, सोमवारी कळवते त्याला.

पण सासूबाईंना कुणी सांगितलंच नाही की बेत रद्द झालाय.

सासूबाई मालवणकडच्या. त्यांच्याकडे कुठल्याही मोठ्या कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात – म्हणजे नारळ ठेवून देवाला मोठ्या आवाजात सगळं सांगायचं. कोण, कुठे, कशासाठी, केव्हा. खरं तर हे घरातल्या पुरुषाचं काम, पण सासरे गेल्यापासून त्यांनी ते बिनदिक्कत आपल्याकडे घेतलंय. त्या रविवारी सकाळी आंघोळ करून त्यांनी देव्हाऱ्यासमोर नारळ ठेवला आणि आम्ही काही म्हणायच्या आत सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! ह्यो तुझो मंगेश परमुलखाक जाता. थंयसरची वाट तुका ठावूक, आमका नाय. तर त्या वाटेक ह्येचो पाय लागांदे रे म्हाराजा!"

मी मंगेशकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. आता आईला कोण सांगणार? "होय म्हाराजा" म्हणून मोकळे झालो. मला तर हसू दाबता दाबता ठसका लागला.

आता यापुढचं मी जसं घडलं तसंच सांगते.

मंगेशच्या पायाची निगा रोज सकाळी मी घेते. बधिर पायाला जखम झाली तर माणसाला कळत नाही आणि ती चिघळते, म्हणून तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या सगळं बघायचं, पुसायचं, पावडर लावायची, मग धुतलेला मोजा, त्यावर स्प्लिंट. त्या दिवशीही गाऱ्हाण्यानंतर मी हे सगळं केलं. पाय स्वच्छ होता. मग रविवारचं जेवण झालं – काळ्या वाटाण्याची आमटी, भात. मंगेश सोफ्यावर आडवा झाला, सासूबाई आत पडल्या आणि मी ओटा आवरत होते. लख्ख दुपार होती.

"वैशू... जरा इकडे ये गं. पायाला खाज येतेय."

"मग खाजव की. मला काय बोलावतोस?"

"डाव्या."

हातातला डबा तसाच सिंकमध्ये पडला. धावत गेले. मंगेश उठून बसला होता, चेहरा पांढरा. म्हणाला, "घोट्याच्या खाली. आतल्या बाजूला. खरंच सांगतोय." मी स्प्लिंटचे पट्टे सोडले. खाली मोजा लाल झाला होता. मोजा उतरवला. घोट्याच्या खाली, आतल्या बाजूला, त्याने सांगितलं अगदी तिथेच, एक जळू चिकटली होती. रक्त पिऊन टम्म फुगलेली, करंगळीएवढी, तपकिरी.

मी किंचाळले नाही. आमच्या धंद्यात किंचाळायची सवय मोडते. सासूबाई डब्याच्या आवाजाने बाहेर आल्या, एक नजर टाकली आणि मिठाची बरणी घेऊन आल्या. मी त्यांना मारू दिली नाही. कडेने नख सरकवून जळू सुटी केली आणि सॅम्पलच्या डबीत घातली. रक्त थांबता थांबेना, जळवेचं थांबत नाहीच. मी कापूस दाबून बसले होते आणि मंगेश मला म्हणत होता, "तू दाबतेयस ना? आत्ता दाबतेयस ना? वैशू, कळतंय मला... अंधुक, पण कळतंय."

आणि तो रडायला लागला. एवढा धिप्पाड माणूस, हमसून हमसून. मीही. पायाशी जळवेची डबी आणि आम्ही दोघं गळ्यात गळे घालून... कुणी बघितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

सासूबाई तेवढ्या शांत होत्या. पदराने हात पुसत म्हणाल्या, "माझाच चुकला गो. पाय लागांदे म्हटलंय, पण खंयच्या म्हयन्यात ता सांगूकच इसारलंय."

मी म्हटलं, "आई, काहीही काय!"

संध्याकाळी उमेशचा फोन आला. मी रद्द झाल्याचं कळवलं नव्हतं, त्यामुळे त्याचं काम चालूच होतं. "भाभी, आज दोपहर को आपका रास्ता देखके आया. ऊपरवाला रास्ता भी खुला है. बस एक बात... जोंक बहुत है अभी. मोज़े के अंदर तक घुस रही है. आप लोग बारिश के बाद ही आना."

जोंक म्हणजे जळू. मी फोन स्पीकरवर ठेवला होता. मंगेशने माझ्याकडे बघितलं. सासूबाईंनी मात्र नुसती मान हलवली आणि भाजीचा लसूण सोलत राहिल्या.

आता तुम्ही म्हणाल ते सगळं मी स्वतःला म्हणून झालंय. भाजीतून आली असेल? त्या दिवशी घरात पालेभाजी नव्हती, आणि असती तरी ती ओट्यावर, पाय मोज्यात. गावाहून कुणी आलं असेल? गणपतीच्या आधी आमच्याकडे गावाहून कुणी फिरकत नाही, सगळे तिकडेच जायच्या घाईत. मोजा बाहेर वाळत होता? बाल्कनी बंद आहे, मोजा माझ्या कपाटातला. माझी मैत्रीण शुभदा माटुंग्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, तिच्याकडे मी ती डबी नेली. तिने भिंगाखाली उलटसुलट बघितली आणि म्हणाली, "ही तर घाटातल्या जंगलातली. तुला कुठे मिळाली?"

"लालबागला. चौदाव्या मजल्यावर."

"चल, फेकू नको."

सगळं ऐकल्यावर तिने डबी पुन्हा भिंगाखाली धरली. मग म्हणाली, "जळूचं एक वेळ सोड. पण जळू चावते तेव्हा ती जागा आधी बधिर करते. धडधाकट माणसालाही कळत नाही. मंगेशला कसं कळलं?"

मी डबी पर्समध्ये टाकली आणि डॉक्टरांची वेळ घेतली.

न्यूरोलॉजिस्टकडे गेलो. त्यांना जळूचं सांगितलं नाही, एवढी अक्कल मला आहे. त्यांनी टाचणीने तपासलं. घोट्याखाली आणि तळव्याच्या आतल्या कडेला टोचलेलं कळत होतं. "नस कधी कधी उशिरा जागी होते," म्हणाले, "होतं असं. नशीबवान आहात." म्हणजे पायाचं स्पष्टीकरण आहे. मी ते मानते, मानायला मला आवडतंच. फक्त नस जागी व्हायची तर त्याच दुपारी, आणि तिला उठवायला सकलेशपूरची जळू लालबागला कशाला यावी लागली, हे त्यांना विचारता आलं नाही.

मी उमेशला फोन केला आणि रद्द करायच्या ऐवजी तारीख नक्की केली. मंगेश रोज व्यायामाला लागला. डोळे मिटून बसायचा, मी पाटाच्या कडेवर त्याचा पाय ठेवायचे आणि विचारायचे – आत की बाहेर? सुरुवातीला चुकायचा आणि चिडायचा. मी म्हणायचे, चिड, पण सांग. हळूहळू चुका कमी झाल्या. माळ्यावरची सॅक त्यानेच काढायला लावली.

ऑक्टोबरअखेर गेलो. पाऊस संपला होता. उमेश माझ्या कल्पनेपेक्षा बुटका आणि दुप्पट कडक निघाला. त्याने मंगेशला एटीव्हीवर बसवलं, डोळ्यांना रुमाल बांधला आणि त्याचा डावा पाय फूटरेस्टवर ठेवला, काढला, कडेला लोंबता ठेवला, पुन्हा आत. पुन्हा पुन्हा. मंगेशने दर वेळी बरोबर सांगितलं. मी मात्र बाजूला नखं खात उभी. शेवटी उमेशने रुमाल सोडला आणि चावी मंगेशच्या हातात दिली. म्हणाला, "आगे मैं. बीच में आप. भाभी सबसे पीछे. मेरे टायर के निशान पे चलना."

कॉफीची झाडं संपली आणि वाट वर चढली. दगड, मुळं, ओली माती. मला गाडी चालवायला जमत होतं, मला सगळं जमतं, पण त्या दिवशी मी वाट बघितलीच नाही. माझी नजर पुढच्या गाडीवर, त्या डाव्या बुटावर. एका उतारावर मोठा दगड आला. मंगेशची गाडी एकीकडे कलली, आदळली आणि मला दिसलं – बूट फूटरेस्टवरून सुटला. मी ब्रेक दाबला आणि ओरडायला हेल्मेटची काच वर केली.

मंगेश थांबला. ब्रेक दाबून अगदी शांतपणे थांबला. खाली न बघता हाताने गुडघा उचलला, पाय आत ठेवला आणि मान वळवून मला ओरडून सांगितलं, "सरकला होता गं! कळलं मला!"

आणि पुढे निघाला.

जळू माझ्याकडे अजून आहे, स्पिरिटमध्ये घातलेली. शुभदा तिचं शास्त्रीय नाव सांगू शकते. ती चौदाव्या मजल्यावर, धुतलेल्या मोज्यात, स्प्लिंटच्या आत कशी आली, हे मात्र ती सांगू शकत नाही, मी सांगू शकत नाही आणि मंगेशला तर त्यात रसच नाही. तो आता हिवाळ्यात परत जायचं म्हणतोय, या वेळी वाट तो ठरवणार. आणि मी, जिने आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला रिपोर्ट लागतो म्हणून सांगितलं, ती या एका गोष्टीचा रिपोर्ट न मागता त्याच्या मागून गाडी चालवायला तयार आहे.