दोन चाळींत घुमलेला एक ‘नको’

तमाम रहिवाशांस जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, आमच्या चाळ कमिटीच्या अध्यक्षांचा आवाज एके संध्याकाळी लालबागहून परळला गेला आणि, दुर्दैवाने, परत आला.

संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीचे दिवस होते. नाक्यानाक्यावर सभा. त्यात मुनसिपालटीची निवडणूक तोंडावर आलेली, आणि आमच्या वॉर्डातून कोणाला उभं करायचं ते चळवळीतल्या एका वजनदार म्हातारेबुवांच्या शब्दावर ठरणार होतं. अध्यक्षांना ती उमेदवारी हवी होती. इतकी हवी होती की घरात चहासुद्धा ते “बंधूंनो” म्हणून मागत. चळवळीसाठी त्यांनी काय केलं होतं? टोपी बदलली होती. लाठ्या चालल्या त्या दिवशी गृहस्थ पोटदुखीने गॅलरीत आडवे होते.

अशा डोक्यातून एक कल्पना निघाली. एकाच वेळी दोन सभा! एक आमच्या चाळीत, दुसरी परळच्या हद्दीतल्या चाळीत, गच्च्यांवरून तार ओढून. तिथे भाषण ऐकू जायला कर्णा. इथवर ठीक. पण तिथला टाळ्यांचा कडकडाट इथे म्हातारेबुवांच्या कानावर पडायला हवा, म्हणून तिथे माइकही, आणि इथे आणखी एक कर्णा!

मला रेडिओ दुरुस्तीचा नाद, म्हणून अॅम्प्लिफायरपाशी मला बसवलेलं. मी म्हटलं, “तिथला माइक तिथल्या कर्ण्याचंही ऐकणार. तुमचंच बोलणं फिरून तुमच्याकडे येईल.”

“माझा आवाज म्हणजे काय चेंडू आहे रे, भिंतीवर आपटून परत यायला?”

चेंडूच असतो. माइकला आपला-परका कळत नाही. कानात पडेल ते तारेवर ढकलायचं एवढंच त्याला ठाऊक. यावर इलाज वजाबाकीचा. कर्ण्यातून आत्ता काय बाहेर पडलं ते यंत्राने लक्षात ठेवायचं, ते पटांगणात फिरून माइकपाशी किती उशिरा आणि किती क्षीण होऊन पोचेल याचा अंदाज बांधायचा, आणि माइकने ऐकलेल्यातून तेवढं काढून टाकायचं. उरेल तो समोरचा खरा माणूस. माणसं हलली, कोणी दार लावलं, की अंदाज पुन्हा नव्याने. हल्ली अशी यंत्रं निघाली आहेत. आमच्याकडे तेव्हा यंत्र नव्हतं, अध्यक्ष होते. त्यांच्यातून त्यांचाच आवाज वजा केला असता तर खाली नुसती टोपी उरली असती.

आता त्यांचा बेत ऐका. उमेदवारी मागायची नाही. आधी नाकारायची, मग लोकांनी गळ घालायची. दोन्ही चाळींत त्यांच्या भाच्याने पोरं पेरली होती. हुकूम एकच: साहेबांचं बोलणं पुरतं संपल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, संपलं की गर्जना, “घ्यायलाच पाहिजे!”

सभा भरली. म्हातारेबुवा व्यासपीठावर, माइकच्या शेजारच्याच खुर्चीत. अध्यक्षांनी डोळे मिटले, छातीवर हात ठेवला आणि गहिवरून म्हणाले, “बंधूंनो, मला उमेदवारी नको!”

“...नको,” परळ म्हणालं.

तो ‘नको’ आमच्या कर्ण्यातून बाहेर पडला, आमच्या माइकने झेलला, पुन्हा तिकडे धाडला. “...नको ...नको...” पोरं आ वासून उभी. साहेबांचं बोलणं संपेना!

अध्यक्षांनी डोळे उघडले. “कोण नको म्हणतंय?” ते ओरडले.

“...म्हणतंय ...म्हणतंय...”

“तसं नको नव्हे हो!”

“...नव्हे हो ...नव्हे हो...”

गॅलऱ्यांतल्या बायका कठड्याला धरून हसत होत्या. मी हसत हसत परळकडची तार उपटली. सगळं शांत झाल्यावर कोपऱ्यातून भाच्याचा एकट्याचाच चिरका आवाज आला, “घ्यायलाच पाहिजे...”

फार उशीर झाला होता. म्हातारेबुवा चपला शोधत उठले होते, आणि आमचा माइक अजून चालू आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. “दादा, बसा ना, मी नुसतं रीतीप्रमाणे म्हणालो,” अध्यक्षांनी त्यांचं धोतर धरायचंच काय ते बाकी ठेवलं.

म्हातारेबुवा खेकसले, “अहो, इतक्यांदा नको म्हणणाऱ्याच्या पानात वाढायला ही काय लग्नाची पंगत आहे? चला, पुढच्या पानावर वाढा!”